रिसालदारांच्या मिशीची परीक्षा

मी मिशी बोलतेय. हसू नका. शाळेच्या मासिकात फाटकी छत्री बोलते, मोडकं बाक बोलतं, तेव्हा तुम्ही माना डोलावून ऐकता. मग मिशीनंच काय घोडं मारलंय?

मी कुणा जिवंत माणसाच्या तोंडावरची नाही. न्हाव्याशी माझा कधी संबंध आला नाही. मी ग्वाल्हेरच्या महिपतराव रिसालदारांच्या तैलचित्रातली मिशी. मधे भरदार, दोन्ही टोकं वर वळलेली, आणि काळी तर इतकी की घरी आलेला पाहुणा आधी मला नमस्कार करी आणि मग महिपतरावांना. यात माझा काही दोष नाही. रुबाबच तसा होता.

खरं सांगायचं तर चित्र आणि मी एका वयाचे नाही. चित्र आधीचं. शिंद्यांच्या फौजेतल्या या रिसालदारांना समोर बसवून कुणा फिरत्या चित्रकारानं ते काढलं. त्यानं पागोटं काढलं, कानातली भिकबाळी काढली, अंगरख्याचा बंद न् बंद काढला, आणि मिशी तेवढी काढली नाही. घरात सांगत की चित्रकार विसरला. आता घोडदळातल्या माणसाची मिशी विसरणारा चित्रकार म्हणजे गणपती काढून सोंड विसरणाराच म्हणायचा. पण घरच्यांनी विश्वास ठेवला आणि मीही ठेवला. आपल्या जन्माची गोष्ट कुणी फार खोदून विचारत नाही.

महिपतराव गेल्यावर त्यांच्या मुलाला ते बोडकं तोंड भिंतीवर पाहवेना. त्यानं बग्ग्या रंगवणाऱ्या एका कारागिराला बोलावलं. कारागीर शिडीवर चढला, जीभ बाहेर काढून त्यानं एकदा डावीकडे कुंचला ओढला, एकदा उजवीकडे ओढला, आणि मी जन्मले. बग्गीच्या चाकांसाठी आणलेल्या डब्यातलाच तो रंग. त्यामुळे चाकं माझी सख्खी भावंडं लागतात. ती केव्हाच भंगारात गेली. मी टिकले, कारण बग्गीचा रंग चिखल, पाऊस आणि घोड्यांच्या लाथा या सगळ्यांना पुरून उरेल असाच घोटलेला असतो.

माझ्या घरात एक चाल होती. दसऱ्याची शस्त्रपूजा असो, लग्न असो, नवी मोटार असो, कुठलंही शुभकार्य निघालं की घरचा कर्ता पुरुष तुपात अंगठा बुडवायचा आणि मला पीळ द्यायचा. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग सगळे म्हणायचे, आता काम झालंच. अलीकडे हा मान महिपतरावांच्या पणतूकडे, जयसिंहरावांकडे आला. वीज खात्यातून निवृत्त झालेले, सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये राहणारे, अगदी गुळगुळीत तोंडाचे गृहस्थ. त्यांना स्वतःला मिशी नाही, म्हणून सगळी हौस माझ्यावर. मुलाच्या, म्हणजे दिग्विजयसिंहाच्या गाडी चालवण्याच्या परीक्षेलाही त्यांनी मला तूप लावलं होतं. पोरगा नापास झाला. जयसिंहरावांनी दोष म्हशीला दिला आणि पुढच्या वेळी गाईचं तूप आणलं.

तुपावर धूळ बसली, धुळीवर पुन्हा तूप, त्यावर उदबत्तीची राख. मी फुगत गेले. एका उन्हाळ्यात मुंग्यांनी माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हमरस्ता काढला. तेव्हा जयसिंहरावांच्या पत्नी विजयाबाई म्हणाल्या, "अहो, पाहुण्यांसमोर पणजोबांच्या तोंडावर मुंग्या फिरतात. बरं नाही दिसत. कुणाला तरी दाखवा न."

दाखवायला नेलं ते ई-रिक्षातून. जयसिंहरावांनी चित्र मांडीवर उभं धरलं होतं, तोंड रस्त्याकडे, म्हणजे आम्हाला वारा लागावा. चौकात गाड्या तुंबल्या होत्या. वाहतुकीच्या हवालदारानं आम्हाला पाहिलं, टोपी काढली आणि शिट्टी फुंकली. "अरे भाई, निकलने दो इनको, घर में किसी की मौत हुई है।" सगळ्या गाड्या बाजूला झाल्या. एका फुलवाल्यानं झेंडूचा हार आमच्या गळ्यात घातला आणि पैसे घ्यायला नकार दिला. जयसिंहराव दोन्ही बाजूंना मान लववत राहिले. ग्वाल्हेरचे लोक अजून मिशीचा मान ठेवतात, असं ते घरी जाऊन सांगणार होते.

आम्ही पोचलो शिंदे की छावनीत, गजकच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून भाजलेल्या तिळाचा वास येत होता. ही मंजिरीची कामाची जागा. मंजिरीच्या पूर्वजांनी दरबारात पूजा सांगितल्या, आणि ही जुनी चित्रं सांभाळते. "दुरुस्त करते" म्हटलेलं तिला चालत नाही. "संवर्धन" म्हणायचं. दुरुस्ती पंख्याची होते, असं ती सगळ्यांना सांगते. तरी खालचे दुकानदार तिला फोटो पुसणारी दीदी म्हणतात.

त्या नावाचं तिला फार लागे. आणि त्यावर उपाय एकच होता, तो म्हणजे दाखला.

हे दाखल्याचं प्रकरण मला तिथेच कळलं. संवर्धकांचं एक मंडळ आहे. तुम्ही काम नीट करता की नाही, हे ठरवायला ते कुणी साहेब पाठवत नाही, तुमच्याच धंद्यातली माणसं पाठवतं. ती येतात, तुमचं काम भिंगाखाली धरतात, असं का केलं, तसं का नाही केलं, म्हणून भंडावून सोडतात, थोडं काम समोर करून दाखवायला लावतात. दोघांनीही सही केली तरच दाखला. स्वयंपाकघरात दोन सुगरणी बसवून तिसरीला पोळी लाटायला सांगावी, असा हा प्रकार. दाखला मिळाला तर मोठ्या संग्रहांची कामं मिळतात. नाही मिळाला तर मंजिरीच्या वडिलांनी, माधवरावांनी, तिच्यासाठी बँकेतली नोकरी पाहून ठेवलीच होती. "आणखी एक खेप, बस," असं ते म्हणाले होते. ही तीच खेप होती, आणि परीक्षेसाठी मंजिरीनं निवडलेलं काम म्हणजे मी.

तिनं मला दिव्याखाली घेतलं, भिंगाखाली घेतलं, तऱ्हेतऱ्हेच्या उजेडात पाहिलं. मला इतकं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी लाजले. मग तिनं आपल्या अहवालात दोन गोष्टी लिहिल्या. एक, मिशी मूळची नाही, नंतर रंगवलेली आहे. हे मी मनाला लावून घेतलं नाही. दोन, मिशीवर स्निग्ध पदार्थाचा जाड थर आहे, बहुधा समईचा धूर.

समईचा धूर! अस्सल साजूक तूप होतं ते.

तिनं जयसिंहरावांना विचारलं होतं, भिंतीवर ऊन येतं का, ओल येते का, खाली समई असते का. "मिशीला कुणी तूप लावतं का" हे तिनं विचारलं नाही. अशी शंका तरी कुणाला येईल? विचारलं असतं तर जयसिंहरावांनी छाती फुगवून सांगितलं असतं.

नंतरची भर म्हणून मला सरळ पुसून टाकायचं, असा नियम काही जण मानतात. मंजिरी मात्र जयसिंहरावांना म्हणाली, "काका, मिशी मी ठेवणारे. मतलब, फक्त साफ करणार. चार पिढ्यांनी त्यांना असंच पाहिलंय न. आता तीसुद्धा चित्राचीच झाली." मी त्या क्षणी ठरवून टाकलं की ही पोरगी पास झालीच पाहिजे. माझ्यावर इतका विश्वास बग्गीवाल्यानंही दाखवला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिनं माझी डावी बाजू औषधानं साफ केली. उजवी बाजू परीक्षकांच्या समोर करायची होती. औषधानं डावीकडचा जुना रंग किंचित मऊ पडला होता, तो दुपारपर्यंत वाळून घट्ट होणार होता. तोवर हात लावायचा नाही, एवढंच. तितक्यात फोन आला. परीक्षकांची रिक्षा बाजारात भलत्याच गल्लीत शिरली होती. मंजिरी त्यांना आणायला खाली धावली.

आणि जिन्यावरून जयसिंहराव आणि विजयाबाई वर आले. चित्राच्या मालकांशीही परीक्षक बोलणार होते, म्हणून दोघं ठेवणीतले कपडे घालून आले होते. विजयाबाईंच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा होता. पुरणपोळ्यांबरोबर तुपाची वाटी होती. तुमच्या लक्षात आलंच असेल.

"विजया, पोरीची परीक्षा आहे," जयसिंहराव म्हणाले. "आणि तिच्या घरात मिशीला तूप लावणारं कुणी नाही."

"अहो, विचारून घ्या तिला."

"शुभ कामात काय विचारायचं?" असं म्हणून त्यांनी वाटीत अंगठा बुडवला, डोळे मिटले, मनात काही पुटपुटले आणि मला डावीकडे जोरदार पीळ दिला.

मला गुदगुल्या झाल्या. मग गार वाटलं. मग डावीकडे काहीच वाटेना.

जयसिंहरावांनी डोळे उघडले आणि आधी अंगठा पाहिला. माझा सबंध डावा भाग, टोकासकट, त्यांच्या अंगठ्यावर होता. त्यांनी चित्राकडे पाहिलं. महिपतराव अर्ध्या मिशीनं त्यांच्याकडे पाहत होते. जयसिंहरावांनी घाईनं अंगठा परत ओठावर दाबून पाहिला, पण मी काही तिकीट नाही की थुंकी लावून चिकटेन.

"विजया," ते अगदी हळू म्हणाले, "पणजोबा."

विजयाबाईंनी एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जिन्यावर पावलं वाजू लागली होती. विजयाबाई पंचवीस माणसांच्या पंगतीत आमटी कमी पडली तरी चेहरा हलू न देणाऱ्या बाई. त्यांनी पर्समधून काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली आणि उजवीकडे बघत बघत डावीकडे दुसरी मिशी काढली. टोकाला झकास वळणसुद्धा दिलं. परीक्षक दारात आले तेव्हा दोघं भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि जयसिंहरावांचा एक हात खिशात होता.

परीक्षक दोन. पुण्याच्या शांताताई, लहानखुऱ्या, गळ्यात मंगळसूत्रासारखं भिंग, आणि चेहरा असा की दूध नासलंय हे आपल्या आधी त्यांना कळावं. दुसरे ग्वाल्हेरच्याच मुरार छावणीतले संग्रामसिंह. पलटणींचे जुने झेंडे आणि चित्रं सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्याविषयी मी सविस्तर बोलले असते, पण माझं लक्ष त्यांच्या ओठावर होतं. काय मिशी होती! पांढरी, दाट, गालफडांपर्यंत पोचलेली, जातिवंत. आमची नजरानजर झाली. पुढचं मी सांगणार नाही.

"मिशी तो मिशी है," संग्रामसिंह चित्रासमोर येऊन म्हणाले. "शांताताई, ही तर ठेवायलाच पाहिजे. माझं मत झालं."

"तुम्ही अजून अहवाल वाचलेला नाही," शांताताई म्हणाल्या. "आणि मिशी ठेवावी की काढावी या प्रश्नावर मिशीवाल्याचं मत निःपक्षपाती धरावं का, हेही मंडळाला विचारावं लागेल."

मंजिरी मागून आली. तिचा श्वास अजून बसला नव्हता. शांताताईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्या माझ्या डावीकडे, म्हणजे जिथे मी नव्हते तिथे, वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. कापसाची ओली काडी त्यांनी काजळाच्या टोकाला हलकेच लावली. काडी काळी झाली.

"ही बाजू तुम्ही नव्यानं भरलीत?" त्या म्हणाल्या. "मंजिरी, हे फार चांगलं आहे. ओल्या कापसानं निघतं. उद्या कुणाला वाटलं तर काढता येईल आणि मूळ चित्राला धक्का लागणार नाही. जन्मभर मी हेच सांगत आलेय आणि आज पहिल्यांदा कुणी इतकं नेमकं केलेलं पाहतेय."

"आणि चमक बघा," संग्रामसिंह म्हणाले. "काय मिसळलंय यात?" त्यांनी नाक पुढे केलं. "वास पण घरगुती येतोय. वरणभातासारखा."

भिंतीजवळ विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मला उजवी बाजू पाहायचीही गरज उरली नाही," शांताताई म्हणाल्या आणि पर्समधून पेन काढलं. "एवढ्यावर मी सही करते."

मंजिरी चित्रापाशी आली. तिनं डावीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिला लगेच कळलं. ज्या बाईनं मला तासन्‌तास भिंगाखाली पाहिलं, तिला मी कुठली आणि काजळ कुठलं, हे कळणार नाही होय? तिनं वळून जयसिंहरावांकडे पाहिलं. जयसिंहरावांनी खिशातला हात काढून जोडला, आणि काळा अंगठा दिसताच पुन्हा खिशात घातला. विजयाबाई मानेनंच म्हणाल्या, राहू दे, गप्प बस, सही होऊ दे.

मी पण तेच म्हणत होते. गप्प बस ग बाई. बँकेत तुझं काय काम?

"मॅडम," मंजिरी म्हणाली, "ही डावी बाजू मी केलेली नाही."

शांताताईंचं पेन थांबलं. जयसिंहरावांनी मग स्वतःच अंगठा वर केला आणि सगळं सांगितलं. तूप, पीळ, पोरीची परीक्षा, मोटारी, दसरे, म्हैस, गाय. सगळं. "काय आहे की साहेब, आम्ही तिच्या भल्यासाठीच केलं," ते म्हणाले. "माझा अंगठा आहे, मंजिरीचा काही दोष नाही. दाखला कापायचा तर माझा कापा." त्यांच्याकडे दाखला नव्हताच, पण आवाज खरा होता.

"आणि हे दुसरं?" शांताताईंनी काळी काडी वर धरली.

"काजळ," विजयाबाई म्हणाल्या. "घरचं."

संग्रामसिंहांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांची मिशी थरथरत होती. शांताताईंनी अहवाल उघडला आणि एकेक शब्द सुटा करून वाचला. "स्निग्ध पदार्थाचा थर. बहुधा, समईचा, धूर." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंजिरी, या वस्तूचं घरात काय करतात, हे तुम्ही मालकांना विचारलंत का?"

"ऊन, ओल, धूर विचारलं. हे नाही विचारलं मॅडम. विचारायला हवं होतं."

"काजळ पुसा."

मंजिरीनं काजळ पुसलं. आणि सगळे एकदम पुढे वाकले.

मला काय झालं ते कळेना. मी चित्रातली, मला समोरची खोली दिसते, स्वतःच्या पाठीमागचं दिसत नाही. पाचही जण माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते, आणि संग्रामसिंहांचं हसू गेलं होतं.

"रंग उडवलाय तुम्ही," शांताताई अखेर म्हणाल्या. "गाल बघा, कपाळ बघा, कसं रापलेलं सावळं अंग आहे. आणि ओठावर एवढी एक पट्टी गोरी. मिशीबरोबर मूळचा रंगही खरवडून निघाला. याला माफी नाही. मी सही करू शकत नाही."

संग्रामसिंहांनीही भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "बेटा, दिसतंय तर तसंच."

मंजिरीनं अहवाल मिटला. तेव्हा जयसिंहराव पुढे आले. अंगठा विसरून ते चित्राच्या इतक्या जवळ गेले की त्यांचा श्वास मला लागत होता.

"रंग नाही उतरलेला," ते म्हणाले. "मिशी उतरवलेली आहे."

कुणाला कळलं नाही.

"बाबा गेले तेव्हा मी घाटावर क्षौर केलं," जयसिंहराव म्हणाले. "डोकं, मिशी, सगळं. घरी येऊन आरशात पाहिलं तर असंच होतं. सगळं तोंड उन्हानं काळं, लाइनवर काम करायचो न तेव्हा, आणि जिथे मिशी होती तिथे पांढरी पट्टी. आणि ओठ असे दाबलेले, बघा, हे असेच. लोक भेटायला येतात आणि आपल्याला त्यांच्यासमोर रडायचं नसतं, तेव्हा असेच दाबावे लागतात." त्यांनी ओठावरून बोट फिरवलं. "मी पुन्हा मिशी ठेवलीच नाही. ठेवावीशी नाही वाटली."

"अहो," विजयाबाई हळू म्हणाल्या, "म्हणजे पणजोबा सुतकातले आहेत. पागोट्याखाली डोकंही भादरलेलं असणार."

मंजिरीनं दिवा तिरपा धरला आणि शांताताईंना जवळ बोलावलं. "मॅडम, इथे बघा. गालापासून ओठावर कुंचल्याचे फराटे सलग आलेत. वरचं जुनं रोगणही शाबूत आहे. घासलेलं नाही. गोरा रंग त्यानंच लावलाय." आता तिचा आवाज स्थिर होता.

शांताताईंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग भिंग काढून गळ्यात सोडलं आणि म्हणाल्या, "मी चुकले. चित्रकार विसरला नव्हता. समोर दिसलं तेच त्यानं काढलं."

म्हणजे बघा. जन्मभर मला वाटत होतं की महिपतरावांच्या तोंडावर काहीतरी कमी होतं आणि मी ते पुरं केलं. कमी काहीच नव्हतं. बाप गेलेला एक मुलगा बसला होता, आणि घरातल्यांना ते दुःख दिवाणखान्यात नको होतं, म्हणून त्यांनी त्यावर मला चढवलं. वर तूपही लावलं. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती, मुंग्या असतानाही नाही.

"आता उजवीचं काय?" शांताताईंनी विचारलं.

संग्रामसिंह माझ्याकडे पाहत होते. "मी तिच्या बाजूनं बोललो असतो," ते म्हणाले, "पण आज बोलवत नाही."

मंजिरी म्हणाली, "काका, मी ठेवायचं ठरवलं होतं. पण तेव्हा हे माहीत नव्हतं. चित्र तुमचं आहे. तुम्ही सांगा."

जयसिंहरावांनी महिपतरावांकडे पाहिलं. मग डोळे पुसले, काळ्या अंगठ्यानं, त्यामुळे डोळ्याभोवती काळं झालं. "काढ बेटा," ते म्हणाले. "त्यांना बापाचं दुःख करू दे. शंभर वर्षं आम्ही करू दिलं नाही."

"मग आत्ता, आमच्यासमोर," शांताताई म्हणाल्या. "हीच परीक्षा. खालच्या रंगाला ओरखडा आला तर सही नाही. मी सवलत देणार नाही."

मंजिरीनं काडीला कापूस गुंडाळला, औषधात बुडवला आणि तो माझ्या उजव्या टोकावर फिरवला. वरचं तूप निघालं, राख निघाली, आणि खाली मी, बग्गीचा रंग. तिनं दुसरी काडी घेतली. मी हलले नाही. तिसरी घेतली. डावीकडे औषध सकाळपासून मुरलं होतं, वर तुपाचा अंगठा आला, म्हणून ती बाजू गेली. उजवी तशी जाणारी नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला. जोर लावला असता तर मी सुटले असते, पण माझ्याबरोबर खालचा ओठावरचा रंगही सुटला असता. ती जोर लावत नव्हती. ती थांबे, वाट पाही, पुन्हा हलकेच फिरवी. शांताताई भिंगातून बघत होत्या.

मंडळी, मी चिवट आहे. मी ठरवलं असतं तर तिथेच बसून राहिले असते. ती हरली असती, बँकेत गेली असती, आणि मी अर्धी का होईना, भिंतीवर राहिले असते. मरायला कुणाला आवडतं? मलाही आवडत नाही. पण तिनं खोट्या मिशीवर मिळणारी सही नाकारली होती, आणि मी तर शंभर वर्षं त्या खोट्या रुबाबावरच जगत होते. संग्रामसिंहांच्या मिशीकडे मी एकदा डोळे भरून पाहून घेतलं. मग धरलेलं सगळं सोडलं.

चौथ्या काडीवर मी अलगद उतरले. दुधावरून साय निघावी तशी.

शांताताईंनी इंच न् इंच तपासलं. ओरखडा नव्हता. त्यांनी अहवालात "समईचा धूर" खोडून तिथे "तूप" लिहायला लावलं, पुढे "मालकांना सगळं विचारावं" अशी ओळ घातली, आणि सही केली. त्यांच्या पाठोपाठ संग्रामसिंहांनीही सही केली. मंजिरी खाली बसली आणि तिनं डब्यातली पुरणपोळी तशीच, तूप न घेता, खाल्ली. विजयाबाईंनी वाटी पुढे केली तेव्हा तिनं मान हलवली.

सध्या माझा मुक्काम मंजिरीच्या फडताळातल्या काचेच्या बाटलीत आहे, कापसाला चिकटून. बाटलीवर तिनं माझं नाव लिहिलंय. जयसिंहरावांनी रुमालात जपलेली माझी डावी बाजूही आणून दिली, ती शेजारच्या बाटलीत आहे. आम्ही बोलतो अधूनमधून.

त्या दिवशी झाकण लावण्याआधी मंजिरीनं बाटली टेबलावर ठेवली, आणि ती नेमकी चित्रासमोर आली. मी शंभर वर्षं महिपतरावांच्या ओठावर बसले होते, पण त्यांचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. आता पहिल्यांदा पाहिलं. मी त्याला कुणी दरारा असलेला रिसालदार समजत होते. तो विशी ओलांडलेला मुलगा आहे हो. ओठ घट्ट मिटून बसलाय, आणि कुणी नुसतं "कसा आहेस" म्हटलं तरी रडेल असं त्याचं तोंड आहे.

तो आता सिटी सेंटरच्या घरी परत गेला. तुम्ही कधी जयसिंहरावांकडे गेलात तर माझी चौकशी करू नका. त्याच्यासमोर थोडा वेळ बसा आणि त्याला विचारा, कसा आहेस.